आधी डोंगर, मग ग्लास: पुण्याहून नाशिकचा ट्रेक-वाइन वीकेंड कसा आखायचा

‘सकाळी गड, दुपारी वायनरी’ ही कल्पना दर हिवाळ्यात पुण्यातल्या कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निघते. सगळे अंगठे दाखवतात आणि आठवडाभरात विषय बारगळतो. उत्साह असतो, पण बारीक प्रश्नांची उत्तरं कुणाकडे नसतात. गाडी कोण चालवणार? परवाना लागतो का? कुठला डोंगर झेपेल? चिखलाचे बूट घालून टेस्टिंगला, म्हणजे वाइन चाखायला, बसू देतील का? पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी हे सगळं एका जागी लिहितो आहे.

सगळी आखणी दोन नियमांवर उभी आहे. डोंगर आधी, वाइन नंतर. आणि वाइननंतर स्टिअरिंगला हात लावणाऱ्याने त्या दिवशी ग्लासला हात लावलेला नसावा. हे दोन पाळले तर बाकीचं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं.

१. महिना ठरवा, मग तारीख

जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ सर्वांत चांगला. नाशिकला थंडी असते, डोंगरावर ऊन सोसतं आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालू असते. बाकीच्या महिन्यांत टेस्टिंग मिळतं, पण वेलींवर घड दिसतीलच असं नाही. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी, जिला सगळे ऑक्टोबर छाटणी म्हणतात. छाटणीनंतर बाग म्हणजे नुसत्या काड्या आणि तारा. त्या दिवसांत गेलात तर फोटोसाठी खास नवा ड्रेस घेतलेली मंडळी हिरमुसतात. डिसेंबरच्या सुमारास मण्यांत पाणी उतरायला लागतं, काळ्या जातींना रंग चढतो, आणि मग बागेत फिरण्यात मजा आहे.

पावसाळ्यात डोंगर देखणे असतात हे खरं. पण निसरडा कातळ, धुकं, गर्दी आणि मधूनच वन विभागाने घातलेली बंदी हे सगळं नवख्या ग्रुपला जड जातं. एप्रिल-मे विसरा.

आता तारखेतला सापळा. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली की सगळे तीच पकडतात, कारण तोडणीचा हंगाम आणि लाँग वीकेंड दोन्ही जुळतं. पण २६ जानेवारी ड्राय डे असतो. वायनरीत बागेत फिरा, जेवा, फोटो काढा. ग्लासात मात्र काही मिळणार नाही. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी यांचंही तेच. निवडणुका लागल्या असतील तर मतदान संपेपर्यंतचे ४८ तास बंद असतं. बुकिंगआधी कॅलेंडर नीट बघा.

आणखी एक. त्र्यंबकेश्वरच्या बाजूचा डोंगर निवडणार असाल तर श्रावणातले सोमवार टाळा. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला इतकी माणसं लोटतात की रस्त्यावर गाडी चालवणं अवघड. २०२७ च्या सिंहस्थासाठी त्या भागात रस्त्यांची कामंही काढलेली आहेत, तेव्हा नकाशा दाखवतो त्यापेक्षा वेळ जास्त धरा.

२. माणसं मोजा आणि पैसे आधी घ्या

सहा ते आठ जणांचा ग्रुप बरा. त्याहून मोठा झाला की डोंगरावर शेवटचा माणूस पहिल्यापासून तासभर मागे राहतो आणि टेस्टिंगला सगळे एका टेबलावर मावत नाहीत. ‘येतो’ म्हणणाऱ्यांना मोजू नका, ॲडव्हान्स पाठवणाऱ्यांना मोजा.

हिशेब आधीच दोन भागांत करा. गाडी, मुक्काम, जेवण हे सगळ्यांत. वाइन फक्त पिणाऱ्यांत. न पिणारा मित्र तोंडाने काही बोलत नाही, पण बिल सरसकट वाटलं की पुढच्या वेळी तो येत नाही. तुमचा ड्रायव्हर बहुधा तोच असतो!

महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. ग्रुपमध्ये कुणाचा कॉलेजातला धाकटा भाऊ-बहीण येणार असेल तर हे आधी सांगून ठेवा. दारात ओळखपत्र मागितल्यावर चेहरे पडण्यापेक्षा बरं.

३. गाडी

तीन पर्याय आहेत. ग्रुपमधला न पिणारा मित्र, ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी, किंवा नाशिकपर्यंत एसटी आणि तिथे दिवसभरासाठी टॅक्सी. आठ जण असतील तर ड्रायव्हरसकट छोटी ट्रॅव्हलर सरळ पडते. डोक्याला ताप नाही. एसटीने जायचं तर शिवाजीनगरच्या, म्हणजे सध्या वाकडेवाडीच्या, स्थानकावरून नाशिकच्या गाड्या दिवसभर असतात. रेल्वेच्या भानगडीत पडू नका. पुणे-नाशिक सरळ मार्गच नाही, गाडी कल्याणवरून किंवा मनमाडवरून फिरून जाते.

‘दोनच ग्लास घेतले आहेत, चालवतो मी’ हे वाक्य दर ग्रुपमध्ये एकाच्या तोंडी असतं. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे, आणि सकाळी चार तास चालून आलेल्या, पाणी कमी प्यायलेल्या माणसाला दोन ग्लासांत ती सहज ओलांडता येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गंगापूर धरणाकडचे रस्ते अरुंद, वळणांचे आणि रात्री अंधारे आहेत. इथे वाद घालत बसू नका, किल्ली काढून घ्या.

४. पुण्यातून बाहेर पडणं

अंतर साधारण २१० किलोमीटर. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर, नाशिक. राजगुरुनगरच्या पुढे रस्ता उत्तम आहे. खरा प्रश्न भोसरी ते चाकण एवढाच आहे, आणि तो सुटला की निम्मा वीकेंड सुटला. शुक्रवारी संध्याकाळी सहाला निघणं म्हणजे चाकणच्या चौकांत कंपन्यांच्या बसगाड्यांमागे उभं राहणं. अर्धी रजा टाका आणि दुपारी दोनच्या आत निघा. रजा मिळतच नसेल तर शनिवारी पहाटे चारला निघा, पण मग डोंगर छोटाच घ्या.

फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा. चाळकवाडी, हिवरगाव पावसा वगैरे टोलनाके वाटेत आहेत.

दोन थांबे सुचवतो. नारायणगावला चहा घेताना आठवण ठेवा की महाराष्ट्रातल्या आधुनिक वाइनची सुरुवात नाशिकला नाही, या पट्ट्यात झाली. १९८० च्या दशकात इंडाज कंपनीने इथे फ्रेंच पद्धतीची स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची, वाइन बनवली आणि ती ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशातही विकली. कंपनी पुढे बुडाली, पण नाशिकचा उदय इंडाजच्या सुरुवातीनंतरचा... म्हणजे मान पुणे जिल्ह्याचा, हे नाशिककर मित्रांना जरूर ऐकवा. दुसरा थांबा सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर. महामार्गापासून जवळ आहे, अर्धा-पाऊण तास पुरतो, आणि दगडातलं काम बघताना गाडीत आखडलेले पाय मोकळे होतात.

५. डोंगर निवडा: ग्रुपमधल्या सर्वांत कच्च्या माणसाकडे बघून

यूट्यूबवर हरिहर गडाच्या उभ्या दगडी पायऱ्या बघून सगळे तिथेच जायचं म्हणतात. पहिल्या खेपेला नको. पायऱ्या कातळात कोरलेल्या आहेत आणि जवळजवळ उभ्या आहेत. बोटं घालायला खोबण्या आहेत, पण शनिवार-रविवारी वर जाणारे आणि खाली येणारे एकाच अरुंद जिन्यावर अडकतात. उंचीची भीती असलेला एक जण मधेच थिजला की सगळी रांग थिजते. हरिहर करायचा तर मधल्या वारी, सकाळी पहिल्या उजेडात.

माझी शिफारस अंजनेरीची. नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने साधारण २० किलोमीटरवर अंजनेरी गाव आहे. गावातून वर वन विभागाच्या चौकीपर्यंत गाडी जाते, तिथे नाममात्र शुल्क भरून नोंद करायची. पुढे पायऱ्या, मग एक घळ, आणि घळीतून वर आलात की एकदम मोठं पठार उघडतं. पठारावर अंजनीमातेचं मंदिर आहे. हनुमानाचा जन्म इथला, अशी श्रद्धा आहे. पुढे तळं आणि तिथून दुसरा चढ चढून माथा. नवख्या ग्रुपला माथ्यापर्यंत अडीच-तीन तास आणि उतरायला दोन धरा. ज्याला माथा नको त्याने पठारावर मंदिरापाशी बसावं, तिथवर आल्यानेही ट्रेक झाल्यासारखं वाटतं. हीच या डोंगराची सोय आहे. दमलेल्याला थांबायला जागा आहे आणि तयारीच्या गड्याला आणखी चढ आहे.

वनस्पतींची आवड असेल त्यांनी पावसाळ्यात अंजनेरीचं कंदीलपुष्प बघायला यावं. ही जात पहिल्यांदा याच डोंगरावर सापडली म्हणून तिला डोंगराचंच नाव मिळालं. वाटेबाहेर पाय टाकू नका, फुलं तोडू नका.

माकडं मात्र हमखास. हनुमानाच्या जन्मस्थानी असल्याने त्यांना कुणी हटकत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. हातात पिशवी धरायची नाही, बिस्किटाचा पुडा बाहेर काढायचा नाही, सगळं सॅकच्या आत.

वेळ कमी असेल तर रामशेज. नाशिकच्या उत्तरेला, पायथ्याचं गाव आशेवाडी. तासाभरात वर. उंचीने साधा दिसतो, पण संभाजी महाराजांच्या काळात औरंगजेबाच्या फौजेला याने पाच वर्षांहून अधिक काळ दाद दिली नाही. वर उभं राहिलं की एवढ्याशा गडाने हे कसं साधलं याचं नवल वाटतं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी पांडवलेणी आहेतच, अर्ध्या तासाचा चढ आणि वर प्राचीन बौद्ध लेणी.

ग्रुप कसलेला असेल तर कळसूबाई. १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूर करत पायथ्याच्या बारी गावात पोहोचता येतं. मग वायनरीही त्याच अंगाची घ्या. इगतपुरी तालुक्यात सांजेगाव-कावनई भागात ग्रोव्हर झंपा आणि व्हॅलोने आहेत. कळसूबाई उतरून थेट गंगापूर धरण गाठण्याचा बेत करू नका, दिवस मावळतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बाटली डोंगरावर न्यायची नाही. माथ्यावर सूर्यास्त आणि हातात ग्लास असले व्हिडिओ बघून कुणाला हुक्की येते, त्याला तिथेच थांबवा. यातले बरेचसे डोंगर श्रद्धेचे आहेत किंवा गड आहेत, गावकरी आणि गडप्रेमी हे खपवून घेत नाहीत, आणि गडावर दारू पिणं हा गुन्हा आहे.

६. वायनरी: एक नीट बघा, दुसरी ओझरती

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात सुला, यॉर्क आणि सोमा एकमेकांपासून जवळ आहेत. दिंडोरीकडे शँडन आहे, तिची ओळख स्पार्कलिंगची. नकाशावर टाचण्या जवळजवळ दिसल्या की ‘चारही करू’ अशी खुमखुमी येते. दोनच करा. तिसऱ्या ठिकाणी जीभ बधिर झालेली असते आणि पैसे तेवढेच लागतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याने सुलाची टूर घ्यावी. गर्दी आहे, शनिवारी दुपारी तर जत्राच, पण समजावून सांगतात चांगलं. १९९९ साली राजीव सामंत यांनी सुरू केलेली ही कंपनी, आणि नाशिकची ओळख ‘टेबलावरची द्राक्षं’ ते ‘वाइन’ अशी बदलण्यात तिचा मोठा वाटा आहे. संध्याकाळ यॉर्कला घालवा. धरणाचं पाणी समोर दिसतं.

बुकिंग ऑनलाइन आणि किमान आठवडाभर आधी. वीकेंडचे दर वेगळे असतात, प्रवेश शुल्कात टेस्टिंग धरलंय की नाही तेवढं वाचून घ्या. टूरची वेळ दुपारी तीननंतरची घ्या. डोंगर उतरायला कुणाला तरी उशीर होतोच.

७. कागदपत्रं

- प्रत्येकाचं वय दाखवणारं ओळखपत्र, आधार किंवा लायसन्स. मुक्कामालाही लागतं. काही लॉजवाले अविवाहित मित्र-मैत्रिणींचा ग्रुप घेत नाहीत, तेव्हा बुकिंगआधी फोनवर विचारा.
- मद्यसेवनाचा परवाना. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी, बाळगण्यासाठी आणि वाहून नेण्यासाठी परवाना लागतो, आणि बहुतेकांना ते ठाऊकच नसतं. एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे प्रकार आहेत. एक दिवसाचा परवाना बहुतेक ठिकाणी विक्रीच्या जागीच फाडून देतात. वारंवार घेणाऱ्याने राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन अर्ज करून वर्षाचा काढून ठेवावा.
- गाडीचं आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकरवर चालतं.
- बुकिंगचे स्क्रीनशॉट. डोंगराळ भागात रेंज जाते, मेल उघडत नाही.

८. सॅकमध्ये आणि गाडीत

सॅकमध्ये माणशी दोन लिटर पाणी (जानेवारीतही), टोपी, ओआरएसची पाकिटं, गुळपोळी किंवा चिक्की, बँडेज. बूट चांगल्या पकडीचे हवेत. जॉगिंगचे गुळगुळीत बूट उतरताना घात करतात.

गाडीत ठेवायचं ते वेगळं: कोरडे कपडे, चप्पल, टॉवेल, चिखलाच्या बुटांसाठी जुनी गोणी आणि संध्याकाळसाठी स्वेटर. पुण्याची थंडी बघून नाशिकच्या थंडीचा अंदाज बांधू नका, धरणाकाठी सूर्य बुडाला की दात वाजतात.

९. डोंगर आणि वाइन यांच्या मधले तीन तास

सगळ्यांत दुर्लक्षित टप्पा हाच. खाली उतरलेला माणूस तहानलेला, भुकेला आणि खुशीत असतो. अशा वेळी हातात आलेली पहिली वाइन तो सरबतासारखी ढोसतो, आणि तासाभरात टेबलावर डोकं टेकतो.

म्हणून आधी पाणी, मग आंघोळ, मग भरपेट जेवण, मग वाइन. मुक्काम गंगापूर रस्त्याच्या बाजूला घेतला तर आंघोळीला खोलीवर जाता येतं. अत्तर, डिओ मारू नका. वाइनची निम्मी गंमत वासात असते, आणि शेजारच्याच्या डिओने ती सगळ्यांचीच जाते. जेवणात भात किंवा भाकरी असू द्या, नुसत्या स्टार्टरवर भागवू नका.

१०. टेस्टिंगच्या टेबलावर

टूरमध्ये स्टीलच्या उंच टाक्या दाखवतील. हंगामात टाकीजवळ गेलात तर बाहेरच्या पत्र्यावर दव साचलेलं दिसेल. आत द्राक्षाचा रस आंबत असतो आणि आंबताना तापतो, म्हणून टाकीभोवती थंड द्रव खेळवतात. व्हाइट वाइनचा वास टिकतो तो या थंडाव्यामुळे. रेडचा रंग सालीतून येतो. रसाबरोबर सालंही आंबवली की रेड, सालं लगेच बाजूला काढली की व्हाइट किंवा फिकट गुलाबी रोझे. तोडणी चालू असेल आणि कुणी चाखायला दिलं तर वाइनचं द्राक्ष जरूर खाऊन बघा. मणी छोटा, साल जाड, बिया मोठ्या आणि गोडी थॉम्पसन या नेहमीच्या खायच्या द्राक्षापेक्षा किती तरी जास्त. स्वतःहून मात्र तोडू नका, वेलींवर फवारणी झालेली असते.

टेबलावर साधारण पाच-सहा वाइन थोड्या-थोड्या देतात. क्रम हलक्याकडून जडकडे: स्पार्कलिंग, व्हाइट, रोझे, रेड, शेवटी गोड डेझर्ट वाइन. ग्लास दांडीला धरा, हाताच्या उबेने व्हाइट गरम होते. आधी पांढऱ्या कागदावर रंग बघा, मग ग्लास हलकेच फिरवा, नाक आत घाला, आणि मग घोट. तोंडात जरा घोळवा. तिथे ठेवलेलं भांडं थुंकण्यासाठीच असतं, लाज वाटण्याचं कारण नाही. जाणकार थुंकतात, नवखे संपवतात.

वास ओळखण्याचं दडपण घेऊ नका. तुमच्या ओळखीच्या वासांची नावं घ्या. सोव्हिन्यों ब्लाँ या व्हाइटमध्ये ढोबळी मिरची आणि कच्चा पेरू सापडतो. शेनिन ब्लाँ या दुसऱ्या व्हाइटमध्ये पिकलेला अननस. शिराझ या रेडमध्ये मिरे आणि काळसर फळं. रेडचा घोट गिळल्यावर हिरड्या आवळल्यासारख्या होतात, जांभळं खाल्ल्यावर होतात तशा. ते टॅनिन. सालीतून आणि बियांतून येतं, दोष नाही. पहिल्यांदा ते आवडत नाही आणि माणूस ‘आपल्याला वाइन जमत नाही’ असं ठरवून मोकळा होतो. त्याने शेनिन ब्लाँपासून सुरुवात करावी.

रेड ‘रूम टेंपरेचर’ला प्यायची, हा सल्ला युरोपातल्या १६-१८ अंशांच्या खोल्यांसाठी आहे. दुपारी गच्चीवर ३० अंशांत आलेली रेड बेचव आणि जळजळीत लागते. वेटरला सांगा, दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवून आणतो. ग्लासात बर्फ मात्र टाकू नका... टाकलात तर मी बघितलं नाही असं समजेन.

तिखटाबरोबर टॅनिनची रेड घेतली तर तोंड पेटतं. नाशिकला आलात म्हणून मिसळ खाणारच, ती रविवारी सकाळी खा. तिच्या जोडीला काही हवंच असेल तर किंचित गोडसर शेनिन ब्लाँ पुढे घरी करून बघा.

हिशेबासाठी: ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच ग्लास होतात आणि वाइनमध्ये अल्कोहोल १२ ते १४ टक्के असतं. टेस्टिंगनंतर माणशी एक-दोन ग्लास आणि तेवढंच पाणी. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते पुरे, डोकंही दुखायला नको.

११. रविवार आणि बाटल्या

उशिरा उठा, मिसळ खा, बाराच्या आत नाशिक सोडा. दुपारी तीननंतर निघालेला माणूस चाकणला दिवेलागणीला पोहोचतो आणि तिथेच राहतो. खराडी-वाघोलीकडचे लोक राजगुरुनगर-पाबळ-शिक्रापूर असे उतरू शकतात. चाकण वाचतं, वाघोलीत अडकता. ज्याची त्याची आवड.

बाटल्या डिकीत टाकून सिन्नरला जेवायला थांबू नका. बंद गाडीत उन्हाने वाइन तापते, बूच वर सरकतं, चव शिजवल्यासारखी होते. पायाशी, टॉवेलमध्ये गुंडाळून, एसीच्या झोताजवळ ठेवा. बिल आणि परवाना जवळ असू द्या.

घरी आल्यावर बुचाची बाटली आडवी, फिरकीच्या झाकणाची उभी, गॅसपासून लांब. साधी व्हाइट आणि रोझे वर्ष-दीड वर्षात पिऊन टाका. मुलीच्या लग्नासाठी ठेवायची ती वाइन नाही. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते, रेडसुद्धा. स्पार्कलिंग उघडली की त्याच रात्री संपवायची.